डिसेंबरचे पिल्लू, पुढच्या थंडीची शर्यत: उशिराच्या होमरची वाढ आणि तालीम

आपल्याकडे होमरच्या, म्हणजे लांबून सोडल्यावर घरी परतणाऱ्या कबुतरांच्या, शर्यती थंडीत होतात. डिसेंबर ते फेब्रुवारी हा भर, मार्च अर्धा झाला की सोलापूरचे ऊन कबुतराला लांब उडू देत नाही. या हंगामात उतरायचे तर पिल्लू पावसाळ्यात, फार तर ऑगस्टपर्यंत अंड्यातून बाहेर आलेले हवे, म्हणजे त्याला पाच-सहा महिने मिळतात. नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारीत निघालेली पिल्ले ही उशिराची. ती या हंगामाची नाहीत, एवढे सुरुवातीलाच मनाशी पक्के करावे. उशिराची पिल्ले हरवतात ती बहुतेक वेळा घाईमुळे. मोठ्या पिल्लांचे टॉस (टोपलीतून दूर नेऊन सोडायची तालीम) चालू असतात, टोपलीत जागा असते, आणि 'हेही जाऊ दे बरोबर' म्हणून दहा आठवड्यांचे पोर पाच महिन्यांच्या टोळीत सोडले जाते. ते परत येत नाही आणि दोष रक्ताला दिला जातो.

ही पिल्ले काढावीतच का, तर दोन कारणांसाठी. शर्यतीच्या जोड्यांची अंडी हंगामाआधी दुसऱ्याची पिल्ले वाढवणाऱ्या जोड्यांखाली सरकवून चांगल्या रक्ताची पिल्ले घेता येतात. दुसरे म्हणजे उतरत्या वयाच्या कसलेल्या नराची किंवा मादीची आणखी दोन-चार पिल्ले हाताशी राहतात. जी जोडी दोन विती (एका वेळची अंडी-पिल्ले म्हणजे एक वीत) काढून थकली आहे, वजनाला हलकी लागते, जिच्या मागच्या वितीचे एखादे पिल्लू खुरटले, तिच्याकडून तिसरी वीत घेऊ नये. चार ते सहा जोड्या आणि आठ ते बारा पिल्ले ही एका माणसाच्या सवडीत बसणारी तुकडी. तीन-चारच पिल्ले असतील तर मात्र अडचण होते, कारण आकाशात टोळी लागत नाही आणि शिक्र्याला, म्हणजे लहान शिकारी पक्ष्याला, एकटे पिल्लू सापडते.

अंडे ते कडी

घरट्यासाठी कुंभाराकडची मातीची परळ सगळ्यांत चांगली. व्यास २२ ते २५ सेंटिमीटर, खोली ७-८ सेंटिमीटर. तळाला मूठभर कोरडी वाळू, वर कडुलिंबाच्या बारीक काड्या. प्लॅस्टिकच्या भांड्यात पिल्लाचे पाय घसरून फाकतात, ते नंतर सरळ होत नाहीत. पहिले अंडे दुपारी उशिरा येते, दुसरे साधारण ४४ तासांनी. पहिले अंडे काढून त्याजागी खोटे अंडे ठेवावे आणि दुसरे आल्यावर दोन्ही एकदम बसवावीत, म्हणजे दोन्ही पिल्ले एकाच दिवशी निघतात. दुसरे अंडे आल्यापासून १७-१८ दिवस लागतात.

साल आणि नंबर असलेली पायातली कडी सहाव्या ते आठव्या दिवशी घालावी. पिल्लू उताणे न धरता तळहातावर बसते ठेवावे. पुढची तीन बोटे एकत्र चिमटीत धरून कडी त्यांच्यावरून पंजाच्या उशीवर सरकवावी. मागचे बोट पायाला समांतर मागे दाबावे, कडी त्यावरूनही वर घ्यावी आणि मग काडीपेटीच्या काडीच्या बोथट टोकाने ते बोट कडीतून अलगद सोडवावे. नखात काडी टोचली तर रक्त येते, म्हणून ओढाताण नको. संध्याकाळी पुन्हा पाहावे, सहाव्या दिवशी घातलेली कडी बारीक पायातून कधीकधी निसटून परळीत पडलेली असते. नववा-दहावा दिवस उजाडला तर कडी बसत नाही, मग जबरदस्ती करू नये.

कडीवरच्या सालाचा विचार इथेच करावा. बऱ्याच ठिकाणी वय कडीच्या सालावरून धरतात. डिसेंबरच्या शेवटी निघालेल्या पिल्लाला सरत्या सालाची कडी घातली, तर पुढच्या थंडीत ते कागदावर मागच्या सालचे ठरते आणि आपल्यापेक्षा चार-पाच महिने मोठ्यांच्या गटात जाते. तेच पिल्लू जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात निघाले तर नव्या सालाच्या कडीने फायदा होतो. म्हणून जोडी लावण्याची तारीख शर्यतीचे नियम विचारून मागे-पुढे करावी. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्याच्या अखेरीस लावलेली जोडी साधारण आठ-दहा दिवसांत अंडी देते, त्याची पिल्ले जानेवारीत येतात.

थंडीतल्या पिल्लाची एक खास अडचण असते. दहाव्या-बाराव्या दिवसानंतर आई-बाप रात्री पिल्लावर बसायचे कमी करतात, त्यांचे लक्ष पुढच्या वितीकडे जाते. सोलापुरात डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे पारा खाली येतो आणि उघड्या, एकट्या पिल्लाची गळ्याखालची दाण्याची पोटळी सकाळी थंड व कडक लागते. उपाय सोपा आहे. एकाच वयाची दोन पिल्ले कायम एका परळीत ठेवावीत. एक मेले तर शेजारच्या परळीतले त्याच वयाचे तिथे सरकवावे. खुराड्याच्या वाऱ्याच्या बाजूला रात्री गोणपाट टाकावे, पण वरची हवा बंद करू नये.

आईपासून वेगळे करणे

२४ ते २६ दिवस हा आकडा लक्षात ठेवावा, पण निर्णय पंख उचलून घ्यावा. पंखाखालची कातडी अजून उघडी आणि पिवळे तंतू लटकलेले दिसत असतील तर दोन-तीन दिवस थांबावे. पंखाखाली पिसे भरली, पिल्लू परळीबाहेर येऊन दाणा टिपू लागले, की काढावे. तीस दिवसांनंतर काढलेले पिल्लू आई-बापांना भीक मागत राहते आणि स्वतः खायला शिकत नाही.

नव्या खोलीत पहिल्याच संध्याकाळी प्रत्येक पिल्लाची चोच पाण्यात बुडवावी, नाकपुड्यांवरचा पांढरा भाग मात्र बुडू देऊ नये. दुसऱ्या दिवशी पुन्हा. पहिल्या तीन दिवसांत मरणारे पिल्लू भुकेने नव्हे, तहानेने मरते. कोपऱ्यात फुगून बसलेल्याला उचलून पोटळी चाचपावी. ती सुक्या दाण्याने खडबडीत भरलेली असेल तर त्याला पाणी सापडलेले नाही.

बारा पिल्लांना सहा फूट बाय सहा फुटांची खोली पुरते. बसायच्या फळ्या पिल्लांपेक्षा तीन-चार जास्त असाव्यात, एकमेकींपासून फूटभर अंतरावर. तोंड पूर्वेला असावे. गच्चीवरच्या पत्र्याच्या लॉफ्टला (खुराड्याला) फेब्रुवारीतच चुन्याचा पांढरा हात द्यावा आणि वर कडब्याच्या पेंढ्या अंथराव्यात. मार्चपासून उघडा पत्रा दुपारी इतका तापतो, की पिल्ले चोच उघडी ठेवून धापा टाकतात, आणि वाढते पर त्या दिवसांत कमकुवत निघतात. कडब्यात उंदीर-घुशी येतात, म्हणून पत्र्याखाली बारीक जाळी आधीच मारून घ्यावी.

दाणा

सोलापूरच्या बाजारात होमरला लागणारे जवळजवळ सगळे मिळते. मालदांडी ज्वारी आणि करडई तर ताजी, स्वच्छ मिळते. वाढत्या पिल्लांसाठी दहा किलोचे मिश्रण असे: मूग किंवा मटकी अडीच किलो, बारीक मका दोन किलो, ज्वारी दीड किलो, बाजरी, गहू, हरभरा आणि करडई प्रत्येकी एक किलो. यात प्रथिने साधारण १५ टक्के बसतात. हरभरा बारीक, देशी घ्यावा, काबुली पिल्लाच्या घशाला मोठा होतो. मका दाताने फोडून आत पाहावा. निळसर-काळी बुरशी असेल, कुबट वास येत असेल, तर पोते परत करावे. बुरशीचा मका यकृत बिघडवतो आणि पिल्लू महिनाभर वाढीत मागे पडते.

एका पिल्लाला दिवसाला ३५ ग्रॅम, तीन महिन्यांनंतर ३० ग्रॅम. बारा पिल्लांना ४२० ग्रॅम होतात. सकाळी १५० आणि संध्याकाळी २७०. दाणा मोजून द्यावा, ताट भरून ठेवू नये. भरलेल्या ताटावरचे पिल्लू शिट्टीला किंमत देत नाही, आणि पुढची सगळी तालीम शिट्टीवर चालते. दाणा टाकताना रोज तीच शिट्टी, तोच आवाज, पहिल्या दिवसापासून.

ग्रिट, म्हणजे दाण्याबरोबर लागणारा खडी-शिंपल्यांचा चुरा, घरी होते. पाच किलोसाठी शिंपल्यांचा चुरा दोन किलो, भाजलेल्या विटेचा चुरा दीड किलो, धुतलेली बारीक खडी एक किलो, लाकडी कोळसा ४०० ग्रॅम, मीठ १०० ग्रॅम. मीठ यापेक्षा जास्त नको. वाटीभरच बाहेर ठेवावे आणि दर दोन दिवसांनी बदलावे, दमट ग्रिटला पिल्ले तोंड लावत नाहीत.

पर मोजायचे कसे

उशिराच्या पिल्लाबाबत सगळ्यांत जास्त लक्ष द्यायची जागा म्हणजे पंख. मोठे उडायचे पर दहा. मोजणी पंखाच्या मधून बाहेरच्या टोकाकडे. पहिला पर पिल्लू सहा-सात आठवड्यांचे असताना गळतो, पुढचे साधारण दहा ते बारा दिवसांच्या अंतराने. म्हणजे सगळे नीट चालले तर सहाव्या महिन्याच्या आसपास दहावा गळतो. वहीत प्रत्येक कडीच्या नंबरापुढे दर रविवारी कितवा पर गळला ते लिहावे. एवढी एक नोंद नियमित ठेवली तरी पिल्लाची तब्येत महिनाभर आधी कळते. दोन रविवार आकडा पुढे सरकला नाही, तर काहीतरी बिघडले आहे: पोटात जंत, उष्णता, दाणा कमी, किंवा खोलीत गर्दी.

काही पिल्लांची गळ सातव्या-आठव्या परावर थांबते आणि टोकाचे दोन-तीन पर घरट्यातलेच राहतात. ते ओळखू येतात, रंग विटका, तपकिरी कडेचा, टोक झिजलेले, आणि शेजारच्या नव्या परापेक्षा अरुंद. पावसाळ्यात मोठी पीसगळ सुरू होते ती पुन्हा पहिल्या परापासून, त्यामुळे हे जुने पर थंडीपर्यंत टिकू शकतात. ओढायचा सगळा जोर टोकाच्या परांवर येतो. वर्षभराचे झिजलेले पर घेऊन पिल्लू शंभर किलोमीटरपर्यंत ठीक उडते, त्यापुढे थकते.

असे पर उपटू नयेत. बरेच जण उपटतात, पण मूळ दुखावले तर त्या जागी वाकडा पर येतो किंवा येतच नाही, आणि रक्ताने भरलेला कोवळा पर तुटला तर पिल्लू दिवसभर रक्त गाळते. जुने पर राहिले तर त्या पिल्लाचे अंतर कमी ठेवावे, हाच खरा मार्ग. नव्या परावर आडवी, काचेसारखी पारदर्शक रेघ दिसली तर तो पर वाढत असताना पिल्लू उपाशी किंवा आजारी होते. त्या रेघेवर पर पुढे मोडतो.

छत ओळखवणे

पिल्लू पाच आठवड्यांचे व्हायच्या आत छतावर आले पाहिजे, पंखात जोर येण्याआधी. उतरायच्या फळीवर बसणारा तारेचा पिंजरा करावा, तीन फूट लांब, दोन फूट रुंद. संध्याकाळच्या दाण्याआधी पाऊण तास पिल्लांना त्यात ठेवावे, मग शिट्टी देऊन ट्रॅपमधून (आत येता येते पण बाहेर जाता येत नाही अशा दारातून) आत घ्यावे. दहा ते चौदा दिवस रोज. या दिवसांत ती आजूबाजूच्या गच्च्या, टाक्या, झाडे पाहून घेतात. मग एक दिवस वारा पडलेला, पोटळी रिकामी, दाण्याची वेळ जवळ, आणि पिंजरा उचलून बाजूला करावा. हाकलू नये, टाळी वाजवू नये. जी उडेल ती उडेल.

आठ आठवड्यांपर्यंत बंद ठेवलेले पिल्लू पहिल्यांदा उघडले की घाबरून सरळ वर चढते आणि वाऱ्याबरोबर निघून जाते. उशिराची पिल्ले हरवण्याचे घाईनंतरचे दुसरे मोठे कारण हेच, मोठ्या टोळीच्या शर्यतींच्या गडबडीत त्यांच्याकडे कोणी पाहत नाही.

जानेवारीत आणखी एक गोष्ट सांभाळायची. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावर शोभेचे दारूकाम होते, त्या संध्याकाळी आणि दुसऱ्या सकाळी नवी पिल्ले बाहेर काढू नयेत. मांज्याच्या दिवसांतही तेच. जुन्या गिरण्यांच्या आवारातले आणि किल्ल्यावरचे पारवे आपल्या फळीवर उतरू देऊ नयेत. नवखे पिल्लू त्यांच्यामागे जाते, आणि ते येताना कबुतरमाशी आणि घशाचा रोग सोबत आणतात.

एप्रिलचे छोटे टॉस

छतावर उडू लागल्यावर तीन-चार आठवडे फक्त पाहायचे. सुरुवातीला घिरट्या पाच मिनिटांच्या असतात. नंतर टोळी एका दिशेला निघून नजरेआड होते आणि वीस-तीस मिनिटांनी परतते. हे रोज होऊ लागल्याशिवाय टोपलीला हात लावू नये. जे पिल्लू स्वतःहून दूर जाऊन आलेले नाही, त्याला गाडीने दूर नेऊन काही शिकवता येत नाही.

टोपली ८० बाय ५० सेंटिमीटर, उंची २५, आत दहा पिल्ले. नेण्याआधी दोन रात्री खोलीतच टोपलीत झोपवावीत, बाहेरच्या पन्हाळीत पाणी ठेवून. टोपलीतून पाणी प्यायला न शिकलेले पिल्लू पुढे शर्यतीच्या गाडीत तहानलेले राहते.

डिसेंबर-जानेवारीच्या पिल्लांना मार्चअखेर ते एप्रिल ही छोटी खिडकी मिळते. दिशा एकच धरावी. पुणे रस्ता सोयीचा आहे, कारण पुढच्या शर्यतींसाठी त्याच रेषेवर लांब जाता येते. पहिले दोन टॉस जुन्या पुणे नाक्याच्या पलीकडून, दोन केगावला विद्यापीठाच्या माळावरून, दोन पाकणीहून, दोन लांबोटीजवळ सीनेच्या पुलाअलीकडून, शेवटचे दोन मोहोळहून. मोहोळ सरळ रेषेत तीस किलोमीटरच्या आसपास आहे. पहिल्या उन्हाळ्यात यापुढे जाऊ नये. दोन टॉसमध्ये निदान एक दिवस मोकळा. मिनिटाला हजार मीटर या बेताच्या वेगाने मोहोळहून अर्धा तास लागतो. नवख्या टोळीला पन्नास मिनिटे लागली तर काळजी नको, दोन तास लागले तर पुढच्या वेळी परत पाकणीवर यावे.

सूर्य उगवल्यावर अर्ध्या तासात सोडावे आणि आठच्या आत सगळी घरात असावीत. नऊनंतरचे ऊन पिल्लाला पाणी शोधायला खाली उतरवते, आणि विहिरीच्या काठावर उतरलेले पिल्लू मांजराच्या किंवा शिक्र्याच्या तोंडी जाते. टोपली उघडण्याआधी दहा मिनिटे उघड्या जागी ठेवावी, त्यांना आकाश दिसू द्यावे. विजेच्या मोठ्या तारांपासून दूर, मोकळ्या माळावर. ढगाळ किंवा धुळीच्या दिवशी गाडी परत फिरवावी, पेट्रोल गेले तरी चालेल.

एप्रिलचा फायदा असा, की थंडीला येणारा बहिरी ससाणा तोवर परतलेला असतो. शिक्रा मात्र इथलाच, आणि त्याचे घरटे याच दिवसांत असते, म्हणून तो शहराच्या झाडांतून हल्ले करतो. पिल्ले सोडण्याची वेळ रोज थोडी बदलत राहावी. शिकारी पक्षी १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहेत, त्यांना फासे किंवा विष लावणे गुन्हा आहे आणि कबुतरे वाचवायचा तो मार्गही नाही.

आजार

घशात पिवळा, चिकट थर दिसला, पिल्लू मान ताणून गिळत असेल, तर तो ट्रायकोमोनासचा रोग. तो आई-बाप पोटळीतून भरवतात त्या दुधातून येतो, म्हणून औषध जोडी लावण्याआधी मोठ्यांना द्यावे लागते. हिरवी, पाणीदार शी आणि वजन घटणे हे बहुधा कॉक्सिडिया (आतड्यातले सूक्ष्म परजीवी) किंवा जंत. ताजी शी डबीत घालून पशुवैद्यकीय दवाखान्यात तपासून घ्यावी. अंदाजाने अँटिबायोटिक देण्याची सवय पिल्लाचे पोट बिघडवते. मान वाकडी होणे, दाणा टिपताना चोच चुकणे हे पॅरामिक्सो या विषाणूच्या रोगाचे लक्षण, त्याला औषध नाही, लस आहे. पाच-सहा आठवड्यांच्या वयात, टॉस सुरू होण्याच्या निदान तीन आठवडे आधी लस व्हावी, मात्रा पशुवैद्याने ठरवावी. देवीच्या गाठी डास पसरवतात, खिडकीला मच्छरजाळी लावणे त्यावर सगळ्यांत स्वस्त इलाज. खोली झाडताना स्वतः मास्क लावावा, पिसांची भुकटी वर्षानुवर्षे छातीत जाऊन फुप्फुसाचा आजार होतो.

पावसाळा आणि पुन्हा सुरुवात

मे महिन्यात टॉस बंद. सकाळी घरावरचे अर्ध्या तासाचे उडणे पुरते. दाण्यात मका अर्धा किलो कमी करून ज्वारी तेवढी वाढवावी. जूनपासून पीसगळीसाठी दहा किलो मिश्रणात ३०० ग्रॅम जवस घालावे आणि आठवड्यातून दोनदा आंघोळीचे पाणी ठेवावे. पाच-सहा महिन्यांची झाली की पिल्ले जोड्या लावू लागतात. नर आणि मादी लगेच वेगळ्या खोल्यांत ठेवावेत. पहिल्या वर्षी अंडी घालणारी मादी तेवढ्या काळात पर नीट भरत नाही.

ऑक्टोबरमध्ये शेवटचे दोन पर पूर्ण लांबीचे झाले, मुळाशी रक्ताचा निळेपणा उरला नाही, की तालीम पुन्हा जुन्या पुणे नाक्यापासून. सहा महिन्यांपूर्वी मोहोळ केले म्हणून एकदम तिथून सुरू करू नये. आता वारा बदललेला असतो. थंडीत आपल्या भागात वारा बहुधा पूर्वेकडून, ईशान्येकडून येतो, म्हणजे मोहोळहून घरी येणाऱ्या पाखराला तिरका समोरून. एप्रिलमध्ये अर्ध्या तासात आलेले अंतर नोव्हेंबरात चाळीस मिनिटे घेईल, त्याला सुस्ती समजू नये. पहिले चार-पाच टॉस फक्त उशिराच्या तुकडीचे. मोहोळहून वेळेवर येऊ लागली की मोठ्यांबरोबर मिसळून टेंभुर्णीपर्यंत न्यावीत, ते सरळ रेषेत ८५ किलोमीटरच्या आसपास आहे.

पहिल्या हंगामात दहाही पर नवे असलेल्याला तीनशे किलोमीटरपर्यंतच्या शर्यती, त्यातही चारपेक्षा जास्त नकोत. जुने पर राहिलेल्याला शंभर-दीडशेवरच थांबवावे आणि पुढच्या पावसाळ्यातली पूर्ण पीसगळ होऊ द्यावी. मोठ्या अंतराचा निर्णय दुसऱ्या थंडीत, पुन्हा पंख उघडून.